काळा, पांढरा, पिवळा : पाणबुड्याचा वेष आणि शार्क माशाची नजर

समुद्रांत बुडी मारणाऱ्या मनुष्याला पूर्वापार दोन भयांनीं ग्रासलेलें आहे. एक भय श्वासाचें आणि दुसरें दांतांचें. पहिल्या भयावर यंत्रविद्येनें पुष्कळ अंशीं मात केली. हवेच्या नळ्या आल्या, तांब्याचीं शिरस्त्राणें आलीं, आणि १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो व गान्यां या दोघांनीं पाठीवर बांधावयाच्या श्वासयंत्राची यशस्वी योजना केल्यानंतर पाणबुड्याची नौकेशीं बांधलेली नाळहि तुटली. दुसऱ्या भयासाठीं मात्र मनुष्यानें मंत्र, औषधें, जाळीं, चिलखतें आणि रंग असे नानाविध उपाय करून पाहिले. त्यांपैकीं रंगाच्या उपायाचा इतिहास हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पाणबुड्यानें अंगावर कोणत्या रंगाचा वेष घातला असतां शार्क माशाचें लक्ष त्याच्याकडे जातें, आणि कोणत्या रंगानें तें चुकवितां येतें, असा हा प्रश्न आहे. प्रश्न लहान मुलानें विचारावा इतका साधा. परंतु त्याच्या उत्तरासाठीं मनुष्याला हजार वर्षें खर्चावीं लागलीं.

आरंभींच एक गोष्ट सांगितली पाहिजे. शार्क म्हणजे कोणी एकच प्राणी नव्हे. आपल्या कोकणपट्टीवर मुशी किंवा मोरी या नांवानें जे लहान मासे बाजारांत येतात तेहि शार्कच. पांचशेंहून अधिक जाती शास्त्रज्ञांनीं नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक जातींना मनुष्याशीं कांहींहि कर्तव्य नाहीं. माणसाच्या जिवावर बेतलेल्या घटनांत वारंवार ज्यांचीं नांवें येतात, असे शार्क बोटांवर मोजण्याइतके आहेत: मोठा पांढरा शार्क, अंगावर पट्टे असलेला टायगर शार्क, नद्यांच्या मुखांत शिरणारा बुल शार्क, आणि खोल समुद्रांत भटकणारा, पंखांचीं टोकें पांढरीं असलेला शार्क. तेव्हां पुढें मी शार्क म्हणेन तेथें मुख्यत्वें हे चार डोळ्यांसमोर ठेवावेत.

रंगाच्या उपायाचा एक फार जुना लेखी पुरावा अरबी भाषेंत आहे. दहाव्या शतकांतील प्रवासी व इतिहासकार अल्‌-मसूदी याचें नांव कोकणच्या इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाहीं. सन ९१६ च्या सुमारास तो आपल्या चौल बंदरास येऊन गेला होता. अरब लोक त्या बंदराला सैमूर म्हणत, आणि तेथील मुसलमान व्यापाऱ्यांच्या वस्तीचें वर्णन त्यानें करून ठेविलें आहे. ‘सोन्याचीं कुरणें’ अशा अर्थाच्या नांवाचा जो त्याचा मोठा ग्रंथ आहे, त्यांत इराणच्या आखातांतील मोतीं काढणाऱ्या बुड्यांची हकीकत येते. हे बुडे आपले पाय व मांड्या काळ्या द्रव्यानें माखून घेत. समुद्रांतील भक्षक प्राणी काळ्या रंगाला बिचकतात, आणि रंग न लाविल्यास ते माणसाला गिळून टाकतील, अशी त्यांची समजूत होती. याच आखातांतील मोत्यांचा मोठा बाजार पुढें एकोणिसाव्या शतकांत आणि विसाव्याच्या आरंभीं मुंबईस भरत असे. मुंबईच्या जव्हेऱ्यांच्या पेढीवर आलेल्या कित्येक मोत्यांमागें असें भय दडलेलें होतें.

मोत्यांचें दुसरें मोठें क्षेत्र म्हणजे दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीप यांमधील मन्नारचें आखात. तेथें रंगाऐवजीं मंत्राची सत्ता चाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो या किनाऱ्यावर आला. त्यानें लिहिलें आहे कीं, मोठ्या माशांना मंत्रानें बांधून ठेवणारे लोक या बुड्यांबरोबर असत आणि मिळालेल्या मोत्यांचा विसावा हिस्सा त्यांना मिळे. हा मंत्र फक्त दिवसापुरता. रात्रीं तो सोडवून ठेवीत, म्हणजे कोणी चोरानें अंधारांत बुडी मारून मोतीं पळवूं नयेत! व्यवहार आणि श्रद्धा यांची इतकी सुबक सांगड क्वचितच पाहावयास मिळते. ही प्रथा पुढें शतकानुशतकें टिकली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जेम्स एमर्सन टेनंट या इंग्रज अधिकाऱ्यानें सिंहलद्वीपाचें वर्णन लिहिलें, त्या वेळींहि सरकारी मोत्यांच्या हंगामांत शार्क बांधणाऱ्या मांत्रिकाला मोबदला मिळत असे. कारण त्याच्यावांचून बुडे पाण्यांत उतरावयास तयार नसत.

तिसरें उदाहरण जपानचें. तेथें ‘आमा’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया कोणतेंहि यंत्र न घेतां, केवळ श्वास रोखून, समुद्रतळावरील शिंपले व वनस्पति काढून आणीत आलेल्या आहेत. विसाव्या शतकांत त्यांच्या अंगावर जो पांढरा शुभ्र पोषाख दिसूं लागला, त्याचें एक कारण असें सांगत कीं पांढऱ्या रंगाला शार्क भितो. त्याच देशांत पोहणाऱ्या पुरुषांसाठीं दुसरा सल्ला होता. लांब कापडाची लंगोटी सैल सोडून पाण्यांत मागें तरंगत ठेवावी, म्हणजे शार्क त्या लांबीशीं आपली लांबी ताडून पाहतो आणि आपल्याहून मोठा प्राणी समजून निघून जातो.

आतां हीं तीन उदाहरणें एकापुढें एक मांडून पाहा. अरबाच्या मतें शार्क काळ्याला भितो, जपानी स्त्रीच्या मतें पांढऱ्याला, आणि मन्नारच्या बुड्याच्या मतें रंगाला नव्हे तर मंत्राला. तिन्ही ठिकाणीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या पाण्यांत उतरलीं आणि बहुसंख्य जिवंत परतलीं. तिन्ही ठिकाणीं त्यांना आपापल्या उपायाची प्रचीति आली. कारण उघड आहे. शार्कचा हल्ला ही घटनाच मुळांत इतकी विरळ कीं, कोणताहि उपाय करा, तो बहुधा यशस्वी झालासा वाटावयाचा. जो परत आला तो आपल्या रंगाचे गुण गाई. जो परत आला नाहीं त्याची साक्ष कोण काढणार? शिवाय मोत्यांच्या हंगामांत एका ठिकाणीं कित्येक नौका जमत; माणसांचा कोलाहल, वल्ह्यांचा आवाज, एकामागून एक पडणाऱ्या उड्या यांमुळें मासे दूर राहणें अगदीं संभवनीय होतें. श्रेय मात्र मांत्रिकाला मिळे. तथापि या समजुतींना केवळ हंसून सोडून देणें योग्य नाहीं. मांत्रिकाच्या आधारानें बुड्याचें मन स्थिर राही, आणि खोल पाण्यांत स्थिर मन हेंच अर्धें संरक्षण असतें.

पाश्चात्य देशांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विचाराचें पारडें दुसऱ्या टोकास गेलें होतें. समशीतोष्ण समुद्रांतील शार्क जिवंत माणसावर हल्ला करीतच नाहीं, असें सुशिक्षित लोक प्रतिपादूं लागले. १८९१ सालीं हर्मन ओलरिक्स नांवाच्या एका धनिक अमेरिकनानें, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हॅटरस भूशिराच्या उत्तरेस असा हल्ला झाल्याचें सिद्ध करून दाखविणारास ५०० डॉलरचें बक्षीस लावलें. पंचवीस वर्षांनीं, जुलै १९१६ मध्यें, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर अवघ्या बारा दिवसांत पांच जणांवर हल्ले झाले आणि त्यांतील चार जण मरण पावले. शार्क निरुपद्रवी असल्याची श्रद्धा त्या उन्हाळ्यांत लयास गेली. पण शार्क माणसाला कसा ओळखतो, हा प्रश्न शास्त्रीय रीतीनें विचारला जावयास आणखी एका महायुद्धाची वाट पाहावी लागली.

दुसऱ्या महायुद्धांत उष्ण कटिबंधांतील समुद्रांत जहाजें बुडूं लागलीं, विमानें कोसळूं लागलीं, आणि हजारों खलाशी व वैमानिक पाण्यांत तरंगूं लागले. शार्कच्या प्रत्यक्ष दंशाहून त्याच्या भयानें त्यांचें धैर्य अधिक खचतें, हें अमेरिकन आरमाराच्या लक्षांत आलें. १९४४ सालीं आरमारानें शार्कविषयीं समंजसपणा शिकविणारी एक सचित्र पुस्तिकाहि काढली. तत्पूर्वींच, १९४२ पासून, शार्कला दूर ठेवणारें द्रव्य शोधण्याचें काम सुरू झालें होतें. कुजलेल्या शार्कच्या मांसापासून इतर शार्क दूर राहतात, हा कोळ्यांचा अनुभव त्याच्या मुळाशीं होता. त्यांतून तांब्याच्या एका क्षाराची, म्हणजे कॉपर ॲसिटेटची, निवड झाली. पुढें पाककलेवरील ग्रंथांमुळें जगप्रसिद्ध झालेल्या जूलिया चाइल्ड या बाई त्या काळीं अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांत असतांना या कामांत सहभागी होत्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. या द्रव्याची जी वडी तयार झाली, तिच्यांत तांब्याचा क्षार फक्त २० टक्के होता. उरलेला ८० टक्के भाग होता नायग्रोसीन नांवाचा गडद काळा रंग! वडी पाण्यांत विरघळूं लागली म्हणजे माणसाभोंवतीं शाईसारखा काळा ढग पसरे. वासानें शार्क पळो वा न पळो, निदान त्याला माणूस दिसूं नये, ही त्यामागील योजना. अल्‌-मसूदीच्या बुड्यांनीं काळा रंग अंगाला फांसला होता. हजार वर्षांनंतर अमेरिकन आरमारानें तो सभोंवतालच्या पाण्याला फांसला, इतकाच फरक. पुढील परीक्षणांत ही वडी भुकेनें पिसाळलेल्या शार्कच्या झुंडीपुढें फारशी उपयोगी नसल्याचें दिसून आलें. तरीहि १९७० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत ती आरमाराच्या साहित्यांत राहिली. मन्नारच्या मांत्रिकाचें काम ती करीत होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याच युद्धांत रंगाच्या प्रश्नाची खरी अडचण उघड झाली. ज्याला शार्कपासून लपावयाचें आहे, त्यालाच शोध घेणाऱ्या विमानाला दिसावयाचेंहि आहे. म्हणून तर जीवरक्षक जाकिटें आणि रबरी तराफे भडक पिवळ्या रंगाचे केलेले होते. ता. ३० जुलै १९४५ रोजीं ‘इंडियानापोलिस’ ही अमेरिकन युद्धनौका जपानी पाणबुडीनें बुडविली. नौकेवरील सुमारें १२०० जणांपैकीं अंदाजें ९०० जण पाण्यांत उतरले. इंजिनाच्या तेलानें त्यांचीं शरीरें काळीं झालीं होतीं. शार्क तरीहि आले. चार दिवस हे लोक कोणाच्याच दृष्टीस पडले नाहींत. शेवटीं ता. २ ऑगस्ट रोजीं वरून जाणाऱ्या एका विमानाच्या वैमानिकाला समुद्रावर पसरलेला तेलाचा तवंग दिसला, आणि त्यावरून माणसें सांपडलीं. केवळ ३१६ जण वांचले. शार्कनें नेमके किती बळी घेतले हें कोणासहि निश्चित सांगतां आलेलें नाहीं. परंतु तहान, ऊन, थंडी, जखमा आणि खारें पाणी पिऊन झालेला चित्तभ्रम यांनीं अधिक माणसें नेलीं, याविषयीं दुमत नाहीं. या लोकांचा घात मुख्यतः ते शार्कला दिसले म्हणून झाला नाहीं. माणसांना दिसले नाहींत म्हणून झाला. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं; शेवटीं तिचा उपयोग होणार आहे.

युद्ध संपल्यावर पाण्याखालीं जाणें हें केवळ पोटासाठीं किंवा लढाईसाठीं करावयाचें काम राहिलें नाहीं. ऑस्ट्रियाच्या हान्स हास यानें युद्धाच्या आरंभींच, १९३९ सालीं, क्युरासाव बेटाजवळ शार्कच्या सान्निध्यांत बुड्या मारल्या होत्या, आणि पाण्याखालीं मोठ्यानें ओरडल्यास कांहीं शार्क मागें वळतात असा आपला अनुभव लिहून ठेविला होता. १९५० नंतर कृत्रिम फेसाळ रबराचा, अंगास घट्ट बसणारा पोषाख प्रचारांत आला. हा पोषाख बहुधा काळा असे. रबरांत काजळी मिसळल्यानें तें टिकाऊ होतें, एवढेंच त्याचें कारण. शार्कचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. त्यानंतर हौशी पाणबुड्यांसाठीं पिवळे, नारिंगी, तांबडे पट्टे असलेले पोषाख निघाले, आणि जुन्या वादाला नवें तोंड फुटलें.

या वादांत पिवळ्या रंगानें विशेष अपकीर्ति मिळविली. भडक पिवळ्या वस्तूंकडे शार्क वारंवार ओढले जातात, असें अमेरिकन आरमारी संशोधकांच्या निदर्शनास आलें, आणि त्यांनीं या रंगाला ‘यम्‌ यम्‌ यलो’ असें विनोदी नांव दिलें. आपल्या भाषेंत त्याला ‘मिटक्या मारावयास लावणारा पिवळा’ म्हणतां येईल. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे खुल्या समुद्रांत, जीवरक्षक जाकिटें घातलेले पुतळे सोडून प्रयोग झाले. उजळ रंगाच्या व चकाकणाऱ्या साहित्याकडे शार्क अधिक तत्परतेनें येत. काळ्या साहित्याकडे ते बहुधा दुर्लक्ष करीत. याच विचारधारेंतून स्कॉट जॉन्सन या शास्त्रज्ञानें एक चमत्कारिक पण कल्पक साधन तयार केलें. तोंडाशीं हवेनें फुगणारीं कडीं असलेली गडद रंगाची एक मोठी पिशवी. समुद्रांत पडलेल्या मनुष्यानें ती पाण्यानें भरून आंत उभें राहावयाचें. हालणारे पाय झांकले जातात, रक्त व घामाचा वास आंतच राहतो, आणि शार्कला बाहेरून दिसतें तें एक निर्जीव, निरस, गडद गाठोडें.

इकडे दुसऱ्या मार्गानेंहि शोध चालला होता. १९५८ सालीं अमेरिकेंत शार्क-संशोधनासाठीं एक मंडळ स्थापन झालें, आणि आरमाराच्या आश्रयानें जगांतील हल्ल्यांची नोंदवही तयार होऊं लागली. डेव्हिड बाल्ड्रिज या आरमारी अधिकाऱ्यानें हजाराहून अधिक नोंदींची छाननी करून आपले निष्कर्ष १९७४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. रंगाच्या बाबतींत अशा आंकडेवारींत एक फसवा खड्डा असतो. समजा, हल्ला झालेल्या पाणबुड्यांपैकीं बहुतेकांचे पोषाख काळे निघाले. त्यावरून काळा रंग घातक ठरतो काय? नाहीं; कारण पाण्यांत उतरणारे बहुतेक पाणबुडे काळाच पोषाख घालीत असतील, तर हल्ले झालेल्यांतहि तोच अधिक दिसणार. काळ्या पोषाखांत किती माणसें, किती तास, कोणत्या पाण्यांत वावरलीं आणि कांहीं न होतां परतलीं, याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. अरबी बुड्याच्या अनुमानांत जी उणीव होती, तीच येथें आंकड्यांचा वेष घेऊन पुढें येते. म्हणून शास्त्रज्ञांना अखेर पोषाखाचा नाद सोडून शार्कच्या डोळ्याकडेच वळावें लागलें.

त्या डोळ्यांत त्यांना काय आढळलें? डोळ्याच्या आंतील पडद्यावर दोन प्रकारच्या संवेदक पेशी असतात. दंडाच्या आकाराच्या पेशी मंद प्रकाशांत काम करतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भर उजेडांत. रंगाचें ज्ञान होतें तें निरनिराळ्या शंकुपेशींच्या तुलनेनें. माणसाच्या डोळ्यांत अशा शंकुपेशी तीन प्रकारच्या आहेत. शार्कच्या डोळ्यांत फक्त दंडपेशीच असाव्यात असें पुष्कळ काळ मानीत. १९६३ सालीं सॅम्युअल ग्रूबर व त्याच्या सहकाऱ्यांनीं लेमन शार्कच्या डोळ्यांत शंकुपेशी दाखवून दिल्या, तेव्हां शार्कलाहि रंग दिसत असावेत अशी आशा उत्पन्न झाली. ती आशा फार काळ टिकली नाहीं. २०११ सालीं नेथन हार्ट व त्याच्या सहकाऱ्यांनीं ऑस्ट्रेलियाच्या समुद्रांतील १७ जातींच्या शार्कांचे डोळे तपासले. त्यांपैकीं १० जातींत शंकुपेशी आढळल्याच नाहींत. उरलेल्या ७ जातींत त्या होत्या, पण एकाच प्रकारच्या, सुमारें ५३० नॅनोमीटर लांबीच्या हिरवट प्रकाशलहरींना सर्वांत अधिक प्रतिसाद देणाऱ्या. एकाच प्रकारच्या शंकूला तुलना करावयास दुसरा सोबती नाहीं. म्हणून अशा प्राण्याला आपण ज्याला रंग म्हणतों तो बहुधा दिसतच नाहीं. २०१४ सालीं जर्मनींत बांबू शार्क या लहान जातीच्या माशांना रंग ओळखावयास शिकविण्याचा प्रयत्न झाला. उजळपणा सारखा केल्यावर त्यांना रंगांत भेद करतां आला नाहीं.

म्हणजे काळ्याचा पक्ष, पांढऱ्याचा पक्ष आणि पिवळ्याचा पक्ष हे तिघेहि, ज्याला रंगच दिसत नाहीं अशा न्यायाधीशापुढें हजार वर्षें भांडत होते असें झालें! पण एवढ्यानें खटला निकालांत निघत नाहीं. रंग दिसत नसला तरी उजेड आणि अंधार यांतील भेद शार्कला उत्तम दिसतो. मांजराच्या डोळ्याप्रमाणें त्याच्या डोळ्याच्या मागील बाजूस एक चकाकणारा थर असतो. पडद्यांतून निसटलेला प्रकाश तो पुन्हा पडद्यावर टाकतो, आणि त्यामुळें अंधुक पाण्यांतहि शार्कची दृष्टि तीक्ष्ण राहते. त्याच्यासाठीं पिवळें म्हणजे निळसर, गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर उठून दिसणारा एक उजळ ठिपका. मग तो नारिंगी असो, पांढरा असो कीं चकाकता असो. पिवळ्या रंगाची अपकीर्ति ही खरी पाहतां त्याच्या उजळपणाची अपकीर्ति आहे.

आतां समुद्राच्या पाण्याचाहि विचार केला पाहिजे, कारण रंग हा वस्तूंत जितका असतो तितकाच प्रकाशांत असतो. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधीं शोषून घेतें. कांहीं मीटर खोल गेल्यावर लालभडक पोषाख मळकट तपकिरी दिसूं लागतो, आणि आणखी खालीं जवळजवळ काळा. पाणबुड्याच्या हातास जखम झाली तर त्या खोलींत रक्तसुद्धां हिरवट काळें दिसतें. तेव्हां दुकानांत निवडलेला तांबडा पोषाख समुद्रांत तांबडा राहतच नाहीं. यापेक्षांहि महत्त्वाचा प्रश्न दिशेचा. मोठा पांढरा शार्क पुष्कळदां सावजाच्या खालून येतो. खालून वर पाहणाऱ्याला पृष्ठभाग उजळलेल्या छतासारखा दिसतो, आणि त्याखालीं तरंगणारी प्रत्येक वस्तु, ती काळी असो वा पांढरी, गडद छायाकृति म्हणूनच दिसते. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठांतील लॉरा रायन व तिच्या सहकाऱ्यांनीं २०२१ सालीं दाखविलें कीं, पांढऱ्या शार्कच्या लहान वयांतील पिलांच्या दृष्टीनें पाहतां, खालून दिसणाऱ्या सील प्राण्याच्या व पोहणाऱ्या किंवा फळीवर पडून वल्हवणाऱ्या माणसाच्या आकृतींत फारसा भेद उरत नाहीं.

आणि डोळा हें कांहीं शार्कचें एकमेव साधन नाहीं. दुरून त्याला ऐकूं येतात ते पाण्यांतील खोल कंप, त्यानंतर वास, मध्यम अंतरावर, पाणी स्वच्छ असल्यास, डोळा, अगदीं जवळ आल्यावर अंगाच्या दोन्ही बाजूंस असलेल्या रेषांनीं त्याला पाण्याची हालचाल कळते. शेवटीं, हातभर अंतरावर, त्याच्या मुखाजवळील सूक्ष्म छिद्रें जागीं होतात. इटलींतील स्टेफानो लोरेन्झिनी यानें १६७८ सालीं त्यांचें वर्णन केलें. तीं प्राण्यांच्या स्नायूंतील क्षीण वीज ओळखतात हें काल्मीन यानें १९७१ सालीं वाळूंत लपविलेल्या माशावरील प्रयोगानें सिद्ध केलें. पांच प्रहरी ज्याच्या वाटेवर उभे आहेत त्यानें एकाच प्रहऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून काय साधावें? पाणबुड्याच्या श्वासाचे बुडबुडे तर प्रत्येक उच्छ्वासाला त्याचें अस्तित्व जाहीर करीत असतात. पोषाखाचा रंग पाणबुड्याला शार्कपासून लपवूं शकत नाहीं. तो फार तर पाहणाऱ्याचें कुतूहल किंचित्‌ वाढवील किंवा किंचित्‌ कमी करील.

या ज्ञानाचा उपयोग करून पुढें दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग अनुकरणाचा. विषारी समुद्रसर्पाच्या अंगावर काळेपांढरे पट्टे असतात. तसे पट्टे असलेला पोषाख वॉल्टर स्टार्क या शास्त्रज्ञानें पूर्वींच वापरून पाहिला होता. २०१३ सालीं पश्चिम ऑस्ट्रेलियांत, विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या साहाय्यानें, दोन प्रकारचे पोषाख बाजारांत आले: एक निळ्यापांढऱ्या लाटांच्या नक्षीचा, पाण्यांत विरून जाण्यासाठीं, दुसरा ठळक पट्ट्यांचा, धोक्याची सूचना देण्यासाठीं. कल्पना सशास्त्र आहे, पण टायगर शार्क समुद्रसर्पांना आनंदानें खातो ही गोष्ट हा पट्टेरी वेष घालणारानें विसरूं नये!

दुसरा मार्ग प्रकाशाचा. छायाकृति हाच जर शार्कचा संकेत असेल, तर छायाच नाहींशी करावी. समुद्रांतील कित्येक मासे पोटाखालीं स्वतःचा प्रकाश पाडून हेंच करतात. १९४३ सालीं अमेरिकन विमानांवर पुढच्या बाजूस दिवे लावून, उजळ आकाशांत विमानाचा काळा ठिपका शत्रूच्या पाणबुडीला दिसूं नये असा प्रयोग झाला होता. तीच युक्ति लॉरा रायन व सहकाऱ्यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील मॉसेल बे येथें योजिली. सीलच्या आकाराच्या नकली वस्तूंच्या खालच्या अंगास दिवे लावून त्या नौकेमागून ओढीत नेल्या. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें दिवे लावलेल्या वस्तूंवरील पांढऱ्या शार्कांचे हल्ले स्पष्टपणें कमी झाले, आणि दिवे जितके प्रखर तितका परिणाम अधिक होता. अंधारांत लपावयाचें नाहीं, उजेडांत लपावयाचें, असा हा उलटा न्याय आहे. पण तोहि एका जातीच्या शार्कपुरता, खालून पाहणाऱ्या नजरेपुरता सिद्ध झालेला आहे. सर्व शार्कांवर त्याचा विस्तार करणें घाईचें होईल.

मग पाणबुड्यानें करावें तरी काय? इतिहास त्याला दोन वेगळीं उत्तरें देतो, कारण प्रश्नच दोन आहेत. जो नौका जवळ ठेवून, सोबत्याबरोबर, स्वच्छ पाण्यांत घटकाभर उतरतो, त्यानें चकाकणारे दागिने काढून ठेवावेत, फार उठून दिसणारा पोषाख टाळावा, गढूळ पाणी व संधिप्रकाश वर्ज्य करावा, आणि रंगाची चिंता सोडून द्यावी. जो मात्र जहाज फुटून किंवा विमान पडून अथांग समुद्रांत एकटा तरंगतो आहे, त्याच्यासाठीं निर्णय अगदीं स्पष्ट आहे. त्याचें जाकीट नारिंगी किंवा पिवळेंच असलें पाहिजे. आंतरराष्ट्रीय नौकानियमांनींहि जीवरक्षक साहित्याला असेच ठळक रंग ठरवून दिले आहेत. पिवळ्या जाकिटाकडे एखादा शार्क वळून पाहील हें खरें; पण समुद्रांत माणसें मरतात तीं बहुतांशीं बुडून, गारठून आणि तहानेनें, आणि त्या मरणावर एकच औषध आहे: दुसऱ्या माणसाची दृष्टि. ‘इंडियानापोलिस’वरील तेलानें काळवंडलेल्या खलाशांनीं हा धडा आपल्या प्राणांचें मोल देऊन घालून दिलेला आहे.

आणखी एक आंकडा सांगून हें भाषण संपवितों. जगांत एका वर्षांत शार्कनें माणसावर, माणसाची कांहीं आगळीक नसतां, केलेल्या हल्ल्यांची संख्या साधारण साठ-सत्तरच्या घरांत असते, आणि मृत्यु दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी. उलट, माणूस एका वर्षांत मारीत असलेल्या शार्कांची संख्या सुमारें दहा कोटि असावी, असा अंदाज २०१३ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केला. हजार वर्षें आपण विचारीत आलों कीं, शार्कच्या नजरेस पडूं नये म्हणून आपण कोणता रंग घ्यावा. माणसाच्या नजरेंतून सुटावें म्हणून त्यानें कोणता रंग घ्यावा, हा प्रश्न विचारण्याची शक्ति त्या मुक्या प्राण्यास नाहीं. ती आपणांस आहे; म्हणून त्याचें उत्तर शोधण्याचें उत्तरदायित्वहि आपलेंच.